जुनी पळणारी गाडी मूळ रूपात जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २००२ सालची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०० हॉर्सपॉवरची, आणि पेट्रोल पिताना मालकाच्या खिशाचा अजिबात विचार न करणारी. पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता, लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. उदाहरणं माझ्या गाडीची आहेत, पण होंडा सिटी व्हीटेक, फोर्ड आयकॉन १.६ किंवा स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस असलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

अशा गाडीला पुढे खरंच भाव येईल का?

येईलही. पण त्या भरवशावर गाडी ठेवू नका.

आपल्याकडे याचा दाखला मोटारसायकलींनी दिला आहे. राजदूतची यामाहा आरडी ३५० १९८३ मध्ये आली तेव्हा महाग, पेट्रोल पिणारी आणि ‘पोरं मारणारी’ म्हणून बदनाम झाली. पुढे कित्येक गाड्या भंगाराच्या भावाने गेल्या. आज नीट राखलेल्या आरडीसाठी लोक लाखांत पैसे मोजतात आणि मूळ सायलेन्सरसाठी गावोगाव फिरतात. आरएक्स १०० ची गोष्टही तीच. म्हणजे आपल्या देशात असं होतच नाही, असं नाही.

भाव येण्यामागचं गणितही अवघड नाही. गाडी नवी असताना जी पोरं कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून तिच्याकडे बघत होती, त्यांच्या हातात वीस-पंचवीस वर्षांनी पैसा येतो. तोवर बहुतेक गाड्या ठोकल्या गेलेल्या, कापल्या गेलेल्या किंवा ‘सुधारलेल्या’ असतात. मग जी चारदोन जशीच्या तशी उरली, तिच्यामागे सगळे लागतात. अमेरिकेत होंडाच्या अक्युरा इंटेग्रा टाइप आरचं हेच झालं. चोरीला गेल्या, रेसला गेल्या, हौशी हातांनी बिघडवल्या, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याची गाडी सोन्याची झाली.

आता उलट बाजू. माझा वर्षाचा सरासरी खर्च, विमा, सर्व्हिसिंग आणि किरकोळ भाग धरून, ३५ हजारांच्या घरात जातो. १८ वर्षांत सहा लाख तीस हजार झाले, आणि यात पार्किंगची जागा धरलेली नाही. पैसे वाढवायचे असतील तर एसआयपी करा. तिला उंदीर लागत नाहीत.

कोणत्या गाड्या जपण्यासारख्या आहेत?

साधारण १९९९ ते २००५ या काळात आपल्याकडे पहिल्यांदाच सामान्य माणसाला पळणारी गाडी घेता आली. सिटीचं १.५ व्हीटेक इंजिन १०६ हॉर्सपॉवरचं होतं आणि फेरे वाढले की त्याचा आवाजच बदलायचा. आयकॉनला कंपनीनेच ‘जोश मशीन’ म्हटलं होतं. ऑक्टेव्हिया व्हीआरएस १.८ टर्बो इंजिनाची, १५० हॉर्सपॉवरची, औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळवलेली. मारुतीने तीन दारांची झेन कार्बन आणि झेन स्टील मर्यादित संख्येत काढली होती. पॅलिओचीही सचिन तेंडुलकरच्या सहीची एस१० आवृत्ती आली होती. (त्याच २००२ मध्ये फियाटतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिनला फेरारी ३६० मोडेना मिळाली. त्याला फेरारी, आम्हाला पॅलिओ. तक्रार नाही.)

माझं मत विचाराल तर मर्यादित आवृत्तीपेक्षा सगळ्यात वरचं इंजिन असलेली, पण बाकी साधी गाडी बघा. स्टिकर कुणीही छापून आणू शकतो. एस१० घ्यायची असेल तर कागदपत्रांवर विश्वास ठेवा, पिवळ्या रंगावर नाही.

‘मूळ’ म्हणजे नेमकं काय? शोरूममधून निघाली तशीच?

तशी गाडी जगात कुठेच नसते. पहिल्या सर्व्हिसिंगलाच ऑइल फिल्टर बदललेला असतो.

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची एक ट्युरिन सनद आहे, २०१३ सालची. तिचा रोख साधारण असा, की आधी जपणूक, मग गरजेपुरती दुरुस्ती, आणि नव्याने उभं करणं अगदी शेवटी. आणि जे काही कराल त्याची नोंद ठेवा. मी माझ्या भाषेत त्याचे तीन थर करतो. सगळ्यात आतला थर चासी, इंजिन, गिअरबॉक्स यांचा. त्यांचे नंबर आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळलेच पाहिजेत. दुसरा थर गाडीसोबत कारखान्यातून आलेल्या भागांचा, म्हणजे काचा, दिवे, सीटचं कापड, स्टिअरिंग, चाकं, दाराचे पॅड. तिसरा थर झिजणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे टायर, बेल्ट, ब्रेक पॅड, होज, बॅटरी, ज्या बदलायच्याच असतात. भांडणं सगळी दुसऱ्या थराची.

दुसरा थर तपासायचा कसा, ते सांगतो. एखाद्या रविवारी सकाळी उन्हात गाडी उभी करा आणि फक्त काचा वाचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं चिन्ह आणि तारखेचा सांकेतिक ठसा असतो. आकडे, ठिपके, काय असेल ते. सगळ्या काचांचा ठसा एकाच सुमाराचा असेल तर ठीक. एकच निराळा निघाला तर त्या बाजूला काहीतरी घडलेलं आहे. मग सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा; अगदी मुळाशी शिवलेल्या कापडी पट्टीवर बनल्याची तारीख सापडते. प्लॅस्टिकचे मोठे भाग उलटे करून पाहिले तर बऱ्याचदा घड्याळाच्या तबकडीसारखा छोटा गोल दिसतो, मधे वर्ष आणि कडेने महिने. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या काचेवरचा ठसा बाकीच्यांपेक्षा दोन वर्षांनी नवा आहे. मागच्या मालकाला विचारलं तर म्हणाले, “गल्लीतल्या क्रिकेटचा चेंडू.” वहीत तसंच लिहून ठेवलं आहे. सचिनच्या गाडीला क्रिकेटच्या चेंडूने मार बसावा, हेही बरंच.

माझ्या गाडीत आधीच बदल झालेत. आता उपयोग काय?

बदल झाला याने फारसं बिघडत नाही. काढलेला भाग गेला, की बिघडतं.

सगळ्या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: गाडीतून निघालेली कोणतीही वस्तू टाकू नका. तुटलेली असली तरी. नवा भाग बनवून घ्यायचा झाला तर नमुना म्हणून ती तुटकी वस्तूच लागते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. गाडी घेतली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. मूळ एअर फिल्टरचा काळा डबा काढून तिथे उघडा कोन फिल्टर लावला. आवाज मस्त यायचा. गाडी प्रत्यक्षात हळू झाली होती, कारण तो कोन बॉनेटखालची गरम हवा ओढत होता, पण आवाज मस्त यायचा. मूळ डबा गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवला आणि आठ महिन्यांनी आणायला गेलो तर गॅरेजवाल्याने साफसफाईत भंगारात घातला होता. त्या डब्यासाठी मी पुढची सहा वर्षं फिरलो. शेवटी एका ठोकलेल्या गाडीचा मिळाला. वर खडूने ‘१.६ – चालू’ असं लिहिलेला, एक क्लिप तुटलेली. डब्याच्या किमतीपेक्षा त्या सहा वर्षांत पेट्रोल जास्त जाळलं. खडूचं अक्षर अजून पुसलेलं नाही.

तेव्हा बदललेली गाडी घेत असाल तर पहिला प्रश्न “काढलेला माल कुठे आहे?” हाच विचारा. मालक माळ्याकडे बोट दाखवत असेल तर गाडी घ्या. “होता की कुठेतरी” म्हणाला तर किमतीत घासाघीस करा.

फ्री-फ्लो एक्झॉस्ट, बसकी स्प्रिंग, मोठी चाकं… नंतर परत मूळ करता येतं ना?

बोल्टने लागतं ते बोल्टने निघतं. जे कापून, वेल्डिंग करून किंवा भोक पाडून लागतं ते निघत नाही. म्युझिक सिस्टीमसाठी दाराच्या पॅडला पाडलेलं स्पीकरचं भोक आणि मूळ वायरिंग कापून मारलेले जोड, या दोन गोष्टींनी जितक्या गाड्या खराब केल्या तितक्या टर्बो किटनेही केल्या नसतील. दिवे, हॉर्न, म्युझिक काहीही लावा, पण रिले आणि कपलर वापरून. मूळ वायरीला कात्री लावू देऊ नका.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं आहे. काचांच्या काळ्या फिल्मवरची बंदी त्याहून जुनी, एप्रिल २०१२ ची. म्हणजे गाडी मूळ ठेवणाऱ्याला नाक्यावरच्या हवालदाराकडे बघून हसता येतं.

गाडीला सीएनजी किट आहे. काढावं का?

काढा. पण आरसीवरची नोंदही बदलून घ्या, नाहीतर कागदावर एक इंधन आणि गाडीत दुसरं असा घोळ होतो. किट काढल्यावर डिकीच्या पत्र्याला बोल्टची भोकं राहतात, इनटेककडे नोझलचं भोक राहतं. डिकीतली भोकं आधी गंजरोधक लावून मगच बुजवा. नुसता रबरी बूच मारला तर पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो आणि स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं.

रंग उडालाय. पूर्ण गाडी रंगवून घेऊ का?

नको. निदान आत्ता नको.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. वरून एकदा रंगवलेला पत्रा दोन-अडीचशेच्या पुढे जातो आणि लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आकडा हजाराच्या पलीकडे. जाणकार गिऱ्हाईक आल्या आल्या हेच यंत्र फिरवतं. मूळ, थोडा मळलेला, दोनचार ओरखड्यांचा रंग म्हणजे ‘या पत्र्याला कधी काही झालेलं नाही’ याचा पुरावा असतो. चकचकीत नवा रंग काहीच सिद्ध करत नाही, उलट संशय वाढवतो. उन्हाने मंदावलेला रंग बऱ्याचदा नुसता मळलेला असतो. चांगला माणूस हलक्या हाताने पॉलिश करून तो परत आणतो. मात्र वर्षावर्षाला घासून घेऊ नका. वरचा थर घासूनघासून संपला की संपला.

गंज दिसत असेल तर वाट बघत बसू नका, तेवढाच भाग करून घ्या. एक दार, एक मडगार्ड. जुन्या रंगाशी नवा रंग जुळवणं ही कला आहे. पेट्रोलचं झाकण काढून न्या, संगणकावर रंग जुळवून घ्या आणि नमुना पत्र्यावर मारून उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. आणि रंगवायला देण्याआधी प्रत्येक स्टिकर, प्रत्येक बॅज, बॉनेटखालची प्रत्येक चिठ्ठी यांचे फोटो काढा, मोजपट्टी शेजारी धरून. माझ्या गाडीच्या बॉनेटच्या आत कंपनीची एक पिवळी सूचनापट्टी होती. डेंटिंगवाल्याच्या पोराने ती प्रेमाने खरवडून काढली आणि वर पॉलिश मारलं. “साहेब, खराब झाली होती,” म्हणाला. त्याचा काय दोष? मी सांगितलं नव्हतं.

वेगळाच रंग मारायचा विचार असेल तर आरसीवर नोंद करावी लागते. त्यापेक्षा वेगळ्या रंगाची गाडीच घ्या.

चालवायची की झाकून ठेवायची?

चालवायची. कमी किलोमीटरला भाव असतो हे खरं, पण उभ्या गाडीचं सील आटतं, पेट्रोल शिळं होतं, ब्रेक धरतात, टायर एका जागी चपटे होतात. मी पंधरा दिवसांतून एकदा तीसेक किलोमीटर काढतो. इंजिन पूर्ण गरम झालं पाहिजे. रोज पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करायची आपल्याकडची पद्धत फार वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून कुजतो, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि बॅटरीही भरत नाही.

आणि मीटर मागे फिरवण्याच्या भानगडीत पडू नका. सर्व्हिसची बिलं, पीयूसी, विम्याच्या तपासणीचे फोटो, सगळीकडे किलोमीटर लिहिलेले असतात. खोटं पकडायला कुणी मोठा जासूस लागत नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

पुण्यात एक तऱ्हा, मुंबईत दुसरी, कोकणात तिसरी. खारी हवा असेल तिथे दर पंधरवड्याला गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या कमानीच्या आतल्या कडा विशेषतः. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात. त्यात पाला-माती अडकते. काडेपेटीच्या काडीने साफ होतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि दार कुजण्याचं पहिलं कारण तेच. वायपरखालच्या जाळीतला गुलमोहराचा पालाही काढा, नाहीतर पाणी आत पायाशी येतं.

कव्हर कापडी, हवा खेळणारं घ्या. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली गाडी घामेजते. ओल्या गाडीवर कोणतंच कव्हर घालू नका. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवू नका. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली वीट लावा.

उंदीर?

हा प्रश्न परदेशातल्या कुठल्याही पुस्तकात या जोमाने विचारलेला नसेल. उंदीर वायरिंग खातो आणि पंचवीस वर्षांच्या गाडीचं मूळ वायरिंग नवीन मिळत नाही. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे, सगळं करून झालं. माझ्या अनुभवात दोनच गोष्टी टिकल्या: गाडी वरचेवर हलवणं, आणि रात्री बॉनेट अर्धवट उघडं ठेवणं. उंदराला ऊब आणि अंधार हवा असतो. शिवाय गाडीत वडापाव खायचा नाही. हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू आहे आणि मीच तो मोडतो.

ई२० पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

२०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत आणि २००२ च्या तर नाहीतच. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं, आणि हवेतली ओल ओढून घेतं. गाडी धावती असेल तर फार अडत नाही, कारण टाकी सतत रिकामी-भरती होत राहते. उभ्या गाडीत पाणी तळाशी बसतं आणि टाकी, पंप गंजायला लागतात. म्हणून इंधनाचे सगळे होज इथेनॉल झेलणाऱ्या रबराचे करून घ्या. जुने पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा. पेट्रोल महिनोन्महिने साठवू नका. बंपर ते बंपर मूळपणाचा हट्ट असणाऱ्यांना हे पटत नाही. पण होज गळून जळालेली गाडी मूळ आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

मग टायर, बेल्टही बदलायचे?

डोळे मिटून. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३४०२’ म्हणजे २००२ सालचा चौतिसावा आठवडा. असा टायर मूळ म्हणून भिंतीला टांगा, एक्स्प्रेसवेवर नेऊ नका. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदला. वर्षाला दोन हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीच्या मालकाला वाटतं बेल्ट नवाच आहे, आणि रबर मात्र कॅलेंडर बघत असतं. बेल्टबरोबर टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदला. मजुरी एकच लागते.

सुटे भाग मिळतात कुठे?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. गाडी कुर्ल्यात जन्मली आणि तिचे अवयवही कुर्ल्यातच मिळतात, याची मला दरवेळी गंमत वाटते. तिथे जाताना भागाचा फोटो नाही, भागच घेऊन जा, आणि भागावरचा नंबर कागदावर लिहून न्या. “साहब, सेम टू सेम” यावर विश्वास ठेवू नका. पॅलिओचे पुष्कळ भाग सिएनाशी जुळतात, पण १.२ आणि १.६ मधले फरक नेमके तुम्हाला हव्या त्या भागातच निघतात.

खरा खजिना असतो तालुक्याच्या गावातल्या, बंद पडत आलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत. मालक वयस्कर, फळीवर धूळ, खोक्यावर जुनी एमआरपी. अशा ठिकाणी घाई करायची नाही. चहा घ्यायचा, त्यांच्या धंद्याच्या जुन्या गोष्टी ऐकायच्या. मग ते स्वतःच स्टूल घेऊन वरच्या फळीला हात घालतात. मला असाच उजव्या आरशाचा न फोडलेला खोका मिळाला. लागत नव्हता, घेतला.

कोणते कागद जपायचे?

सगळे. मूळ बिल, पहिली आरसी, आता कुणी वापरत नसलं तरी सर्व्हिस पुस्तिका, मालकाची मार्गदर्शिका, विम्याच्या जुन्या पॉलिसी, पीयूसी, डीलरची की-चेनसुद्धा. दुसरी किल्ली असेल तर तिला सोन्यासारखी ठेवा. थर्मल कागदावरची बिलं दोन वर्षांत पांढरी होतात, त्यांची झेरॉक्स आजच काढा. आणि एक साधी वही करा: तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं, काढलेला भाग कुठे ठेवला. माझी वही शंभर पानी आहे. अठरा वर्षांत अजून संपलेली नाही.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते ना?

महाराष्ट्रात खासगी गाडीला असं काही नाही. १५ वर्षांनी आरटीओकडे गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. म्हणजे सरकारला जुन्या गाड्यांचं प्रेम आहे असं म्हणवत नाही. पण तपासणीत गाडी मूळ रूपात असेल तर हरकत घ्यायला जागा राहत नाही, हाही मूळपणाचा एक फायदा. दिल्ली आणि आसपासचा १५ वर्षांचा (डिझेलला १०) नियम वेगळा आहे, आणि ‘१५ वर्षांत भंगार’ ही समजूत तिथूनच पसरली.

मग माझी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. नोंदणीची फी २०,००० रुपये, पाटीवर ‘व्हीए’ अशी अक्षरं, आणि रोज चालवायची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. माझी पॅलिओ २०५२ मध्ये पात्र होईल. तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेल. क्लच दाबायला नातू लागेल.

नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नोंदणी) पाटी लावली तर मूळपणा जातो का?

नाही. ती सक्तीची आहे, लावा. फक्त पाटी बसवणाऱ्याला बंपरला नवी भोकं पाडू देऊ नका, आधीची वापरायला सांगा. आणि जुनी पाटी घरी आणा. डीलरच्या नावाची पट्टी असलेली जुनी पाटी गाडीच्या जन्मदाखल्यासारखी असते.

विमा किती रकमेचा काढावा?

पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, हे पुष्कळांना माहीत नसतं. संगणकाने दाखवलेला किरकोळ आकडा मान्य करण्याआधी बोला, फोटो आणि बिलं दाखवा. दरवेळी ऐकतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय तर मुळीच ऐकत नाहीत.

दिल्लीहून एनओसीवर (ना-हरकत दाखल्यावर) आलेली स्वच्छ गाडी स्वस्तात मिळतेय. घ्यावी?

पत्रा चांगला असतो, कारण तिकडे आपल्यासारखा पाऊस नाही. डॅशबोर्ड, रबर, छताचं कापड मात्र उन्हाने वाळलेलं असतं. इथे कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो, म्हणजे जन्माचा नंबर जातो. जुन्या आरसीची आणि एनओसीची प्रत जपलीत तर साखळी तुटत नाही. माझ्या बघण्यात तरी गंजलेल्या मुंबईकर गाडीपेक्षा नंबर बदललेली कोरडी गाडी बरी पडते.

विकताना गाडीसोबत काय द्यायचं?

वही, कागद, दोन्ही किल्ल्या आणि माळ्यावरचा सगळा माल. माझ्या माळ्यावर सध्या एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात फुगलेले होज, फुटका टेललॅम्प, चार झिजलेले बुश, जुनी पाटी, न लागणारा आरसा आणि तो कोन फिल्टर आहे. तो फिल्टर मूळ नाही, पण टाकला नाही. दर दिवाळीच्या साफसफाईला बायको ट्रंकेकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि मी म्हणतो, “त्यातलं काही भंगार नाही.” मागच्या वर्षी तिने ट्रंकेवर खडूने ‘चालू’ असं लिहून ठेवलं.